अभ्यासाबाहेरचे तास
(कॉलेजात गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी)



जून महिना लागला की शाळेच्या ऑफिसबाहेर ओळखीचे चेहरे दिसू लागतात. कुणाला दाखल्याची नक्कल हवी असते, कुणाला बोनाफाईड. काम झाले तरी ही मुले लगेच जात नाहीत. थोडी घुटमळतात आणि मग हळूच विचारतात, "सर, एनसीसीला नाव देऊ का?" "सर, आमच्या कॉलेजात युवक महोत्सव असतो, त्यात भाग घेतला तर अभ्यास बुडेल का?"

तीन वर्षांपूर्वी असाच एक जण वडिलांना घेऊन आला. त्याला कॉलेजच्या एकांकिकेत घेतले होते आणि घरात त्यावरून वाद झाला होता. वडील लूमच्या खात्यावरची रात्रपाळी संपवून तसेच आले होते, डोळे तांबारलेले. म्हणाले, "गुरुजी, नाटक करीसन पोट भरस का? तुम्हीच सांगा याले."

मी त्यांना त्या वेळी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. 'सर्वांगीण विकास', 'व्यक्तिमत्त्व विकास' वगैरे शब्द वापरले. रात्रभर बारा तास उभे राहून ताका विणून आलेल्या माणसाला या शब्दांचा काय उपयोग? त्यांचा प्रश्न साधा होता आणि त्याला साधेच उत्तर हवे होते. या पाठात तेच शोधायचे आहे.

प्रथम वेळेचा हिशेब मांडू. आठवड्याचे तास १६८. गोडादऱ्यातला एखादा बी.कॉम.चा विद्यार्थी घ्या. सकाळचे कॉलेज, रोज पाच तास, सहा दिवस, म्हणजे ३० तास. दुपारी रिंग रोडच्या कापड मार्केटात एखाद्या दुकानात बिले लिहिणे किंवा पार्सल करणे, रोज साडेसात तास, म्हणजे ४५. येण्याजाण्यात रोज दोन तास, म्हणजे १२. झोप रोज सात तास, म्हणजे ४९. बेरीज झाली १३६. उरले ३२ तास. यातच आंघोळ, जेवण, पाणी भरणे, धाकट्यांचा अभ्यास घेणे, स्वतःचा अभ्यास आणि गावाकडून ताप्ती लाइनच्या गाडीने आलेले पाहुणे. मुलगी असेल तर यात स्वयंपाक आला आणि बऱ्याच घरांत साडीला स्टोन लावणे, धागे कापणे, लेस शिवणे हेही आले. 'छंद जोपासा' असे सांगणाऱ्या पुस्तकांत हा हिशेब नसतो. तेव्हा आपल्या मुलाने एखाद्या उपक्रमाला आठवड्यातून तीन तास देणे ही मोठी गुंतवणूक आहे. ती कशात करावी, हे नीट पाहूनच ठरवले पाहिजे.

आता कॉलेजात काय काय असते ते पाहू. गुजरातमधील महाविद्यालयांत 'सप्तधारा' नावाची योजना आहे. ज्ञानधारा, सर्जनात्मक अभिव्यक्ती, कलाकौशल्य, नाट्य, गीत-संगीत-नृत्य, व्यायाम-योग-खेळ आणि सामुदायिक सेवा अशा सात धारा. प्रवेशाच्या वेळी फॉर्मवर खूण करायला सांगतात. आपली मुले कशावर तरी खूण करतात आणि विसरून जातात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात पक्की भिंत नसावी हे तत्त्व म्हणूनच मांडले आहे. कागदावर भिंत पडली, प्रत्यक्षात ती किती कॉलेजांत पडली हे ज्याचे त्याने पाहावे.

राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांवर सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि एक सात दिवसांचे विशेष शिबिर करायचे. १२० तास म्हणजे आठवड्याला सरासरी अडीच तासांहूनही कमी. मघाच्या ३२ तासांत हे बसते. एनएसएसच्या प्रमाणपत्राने सरळ नोकरी मिळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण सात दिवस परक्या गावात, वेगवेगळ्या जातींच्या आणि भाषांच्या मुलांबरोबर राहून, सरपंचाशी बोलून, पन्नास माणसांच्या जेवणाचा अंदाज काढून जो परत येतो तो थोडा वेगळा होऊन येतो. विशेषतः ज्या मुली लग्नकार्याशिवाय घराबाहेर एक रात्र राहिलेल्या नाहीत त्यांच्यात हा फरक आम्हा शिक्षकांना लगेच दिसतो.

एनसीसीचे तसे नाही. तिथे कागदालाही वजन आहे. शाळेत असताना 'ए', कॉलेजात दोन वर्षांनी 'बी' आणि तिसऱ्या वर्षी 'सी' प्रमाणपत्राची परीक्षा. परेडला किमान ७५ टक्के हजेरी आणि ठरलेली शिबिरे केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. 'सी' प्रमाणपत्रात किमान 'बी' श्रेणी आणि पदवीला ५० टक्के गुण असतील तर सैन्याच्या एनसीसी विशेष प्रवेश योजनेत अर्ज करता येतो. या योजनेत लेखी परीक्षा नाही. अर्जांची छाननी होऊन थेट एसएसबीची मुलाखत होते आणि निवड झाली तर अधिकारी म्हणून प्रशिक्षण मिळते. मुलींसाठीही यात जागा असतात. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या जी.डी. कॉन्स्टेबल भरतीतही अलीकडच्या जाहिरातींत 'सी'ला ५ टक्के, 'बी'ला ३ टक्के आणि 'ए'ला २ टक्के वाढीव गुण दिलेले आहेत. जिथे अर्ध्या गुणाने नाव यादीच्या खाली जाते तिथे ५ टक्के म्हणजे काय, हे भरतीची तयारी करणाऱ्यांना सांगायला नको.

मात्र एक गोष्ट. आपल्याकडे पोलीस आणि सैन्यभरतीचे वेड मोठे आहे. पहाटे पाच वाजता धावणारी मुले रोज दिसतात. त्यांतली बरीच एनसीसीत नाहीत, कारण प्रथम वर्षात नाव द्यायचे राहून गेले. हे प्रवेश कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत होतात. तिसऱ्या वर्षी आठवण झाली तर काही करता येत नाही. बारावीचा निकाल लागलेल्यांनी एवढे एक वाक्य जरी लक्षात ठेवले तरी हा पाठ लिहिल्याचे सार्थक झाले.

खेळाचे सांगायचे तर आपल्या शेजारचेच उदाहरण आहे. डांग जिल्हा आपल्याला सापुताऱ्याच्या सहलीमुळे माहीत असतो. त्या जिल्ह्यातील आदिवासी घरातील सरिता गायकवाड सुरुवातीला खो-खो खेळत असे. पुढे ती धावण्याकडे वळली. २०१८ मध्ये जकार्ता येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ४ × ४०० मीटर रिले शर्यतीत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात ती होती. पुढे गुजरात सरकारने तिला पोलीस उपअधीक्षकपदी नेमले. कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे २०१५ पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता आणि नोकरी सांभाळून नेमबाजी करत होता. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने कांस्यपदक मिळवले. रेल्वे आणि केंद्र सरकारच्या इतर खात्यांत खेळाडूंसाठी भरती असते, आणि त्यासाठी ऑलिंपिकलाच जावे लागते असे नाही. आपल्या विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळलेला खेळाडूही 'गट क'च्या पदांसाठी पात्र धरला जातो. आपली किती मुले कबड्डी आणि खो-खो उत्तम खेळतात! पण ती मैदानावर खेळतात, विद्यापीठाच्या निवड चाचणीला जात नाहीत. चाचणी कधी असते हेच त्यांना कुणी सांगत नाही.

अर्थात दहा हजार धावतात तेव्हा एखादी सरिता होते. हे पालकांना कळते, म्हणूनच ते घाबरतात. त्यांची भीती खोटी नाही.

आता नाटकाकडे येऊ, कारण मूळ प्रश्न त्याचाच होता.

पुण्यात १९६३ पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा होते. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था ती घेते. नट विद्यार्थीच, दिग्दर्शक विद्यार्थीच, पडदा ओढणारा आणि दिवे लावणाराही विद्यार्थीच. त्याच पुण्यात बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या तीन जणांची गोष्ट पाहा. तिघेही डॉक्टर झाले, तिघांनीही विद्यार्थिदशेपासून नाटक केले आणि तिघांनी पोटाचा प्रश्न तीन तऱ्हांनी सोडवला.

डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद. कॉलेजात नाटकाची गोडी लागली, पुढे पुण्यात भालबा केळकरांबरोबर त्यांनी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन उभी केली. पण व्यवसाय सोडला नाही. परदेशात जाऊन पुढचे शिक्षण घेतले, आफ्रिकेत टांझानियातील टाबोरा येथे इस्पितळात नोकरी केली. पूर्णवेळ नट व्हायचे त्यांनी ठरवले ते १९६९ साली. तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते. त्याच्या पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' आले. म्हणजे नाटकासाठी घरदार सोडून पळून गेलेला तरुण, अशी जी गोष्ट आपण सिनेमात पाहतो ती ही नव्हे. हातात उत्तम विद्या होती, आणि मग त्यांनी ती बाजूला ठेवली.

डॉ. मोहन आगाशे यांनी बाजूला काहीच ठेवले नाही. ते मनोविकारतज्ज्ञ. १९७२ मध्ये 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आले, त्यात त्यांनी नाना फडणवीस उभा केला. ते वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत राहिले, नाटक-सिनेमा करत राहिले, आणि पुण्यात मानसिक आरोग्याची शासकीय संस्था उभी करण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे. आणि त्याच 'घाशीराम'चे दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल हे बालरोगतज्ज्ञ. दौंडला दवाखाना चालवीत त्यांनी नाटके आणि चित्रपट केले. १९७७ चा 'जैत रे जैत', १९७९ चा 'सिंहासन', १९८२ चा 'उंबरठा' आपल्यापैकी अनेक पालकांनी टीव्हीवर पाहिलेले असतील.

ही मोठी माणसे. त्यांचे दाखले देऊन 'तुम्हीही तसेच व्हा' म्हणणे मला पटत नाही. डॉक्टरकीचे शिक्षण हाताशी असताना नाटक करणे आणि मार्केटात साडेसात तास उभे राहून नाटक करणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मला त्यांच्यातली एकच गोष्ट आपल्या कामाची वाटते: तिघांनाही साथीदार मिळाले ते कॉलेजातल्या तालमीत. वर्ग सुटल्यावर ज्यांच्याबरोबर दिवे अडकवले, संवाद पाठ केले, भांडणे केली, त्यांच्याबरोबरच पुढची कामे झाली.

इथे मी तुम्हाला एका परदेशी अभ्यासाची ओळख करून देतो. मार्क ग्रॅनोवेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. बॉस्टनजवळच्या न्यूटन या गावात ज्यांनी नुकतीच नोकरी बदलली होती अशा माणसांना त्याने विचारले, की तुम्हाला ही नोकरी कळली कशी? ज्यांना ती ओळखीतून कळली होती त्यांना पुढचा प्रश्न, की त्या ओळखीच्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटता? नेहमी भेटतो म्हणणारे निघाले १६.७ टक्के. अधूनमधून भेटतो म्हणणारे ५५.६ टक्के. क्वचितच भेटतो म्हणणारे २७.८ टक्के. म्हणजे नोकरीची बातमी जवळच्या नातेवाइकांकडून कमी आली आणि लांबच्या ओळखीतून जास्त. पाहणीतली माणसे थोडी होती आणि गाव अमेरिकेतले होते, हे खरे. पण त्याने दिलेले कारण आपल्याला लगेच पटण्यासारखे आहे. जवळच्या माणसांना जे माहीत असते ते आपल्यालाही माहीतच असते. नवी बातमी येते ती दुसऱ्या घोळक्यात वावरणाऱ्या माणसाकडून.

आता आपल्या गल्लीकडे पाहा. धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली आपली घरे. काका लूमवर, मामा डाइंग मिलमध्ये, मोठा भाऊ एम्ब्रॉयडरी मशीनवर, मेहुणा मार्केटात. कुणाच्या मुलाला काम हवे असेल तर आठ दिवसांत मिळते. ही आपल्या समाजाची ताकद आहे आणि तिच्याच जोरावर आपण परमुलखात टिकलो. पण मिळणारे काम कोणते असते? त्याच चार प्रकारचे. सगळ्या ओळखी एकाच विहिरीतून पाणी काढतात. बँकेत प्रोबेशनरी ऑफिसरची परीक्षा कशी देतात, सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप कशी मिळते, एसएसबी म्हणजे काय, विद्यापीठाच्या संघाची चाचणी केव्हा असते, हे सांगणारा माणूस आपल्या कानबाईच्या रोटांच्या पंगतीत बसलेला नसतो. तो कॉलेजच्या शिबिरात, संघात, तालमीत भेटतो. वर्गात त्याच्या शेजारी तीन वर्षे बसून जी ओळख होत नाही ती एका शिबिरात होते, कारण तिथे दोघांनी मिळून तंबूच्या दोऱ्या ओढलेल्या असतात.

माझ्या मते आपल्या मुलांसाठी या उपक्रमांची खरी किंमत ही आहे. ज्याचे वडील, आजोबा शिकलेले आहेत त्याला ही माहिती घरच्या दिवाणखान्यात मिळते. आपल्याला ती मिळवायला बाहेर पडावे लागते.

बाहेर पडताना अडचण येते ती भाषेची. मराठी शाळेतून गेलेला मुलगा गुजराती वर्गात मागच्या बाकावर बसतो. उच्चाराला कुणी हसेल म्हणून हात वर करत नाही. मित्रांनो, तुम्ही घरी अहिराणी बोलता, शाळेत मराठी लिहिलीत, मार्केटात हिंदी चालवता आणि ऑफिसात गुजराती. चार भाषांत व्यवहार करणारा माणूस मागच्या बाकावर का बसतो? वक्तृत्वाला उभे राहायचे धैर्य नसेल तर सूत्रसंचालनाच्या चिठ्ठ्या लिहायला बसा. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला जा. तुमच्या कानावर चार गोष्टी पडतील.

आता पैशाचे. "सर, हे सगळे ठीक, पण मला नोकरी सोडता येत नाही," असे म्हणणारेच जास्त असतात. अलेक्झांडर ॲस्टिन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने विद्यार्थी कॉलेज अर्धवट का सोडतात याचा मोठा अभ्यास केला होता. त्याला असे आढळले, की कॉलेजच्या आवारातच थोडा वेळ नोकरी करणारे विद्यार्थी उलट जास्त टिकतात, आणि बाहेर पूर्णवेळ नोकरी करणारे गळतात. त्याने १९८४ साली मांडलेले म्हणणे थोडक्यात असे: विद्यार्थी आपला वेळ आणि शक्ती कॉलेजात किती ओततो यावर त्याचे शिकणे ठरते.

आपल्या कर्मवीर भाऊराव पाटलांना हे कुणी सांगावे लागले नाही. १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले आणि १९४७ मध्ये तिथेच छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. 'कमवा आणि शिका' हे त्यांचे सूत्र. मुलांनी शेतात राबायचे, बांधकामावर पाट्या वाहायच्या आणि शिकायचे. कामाची लाज त्यांनी काढून टाकली. पण त्या योजनेतली एक खुबी आपण विसरतो. ते काम शिक्षणसंस्थेच्या आत होते आणि शिक्षकांच्या डोळ्यांसमोर होते. मार्केटातला शेठ परीक्षेसाठी थांबत नाही. दिवाळीचा सीझन आणि सेमिस्टरची परीक्षा अनेकदा एकाच वेळी येतात, तेव्हा काय होते हे तुम्हाला माहीत आहे.

म्हणून माझा सल्ला असा. कॉलेजातच लायब्ररीत, ऑफिसात, प्रयोगशाळेत अर्धवेळ काम मिळते का ते आधी विचारा. दोनशे-पाचशे रुपये कमी मिळाले तरी चालेल. ते मिळाले नाही आणि बाहेरचीच नोकरी करावी लागली तर ती लपवू नका. मुलाखतीच्या कागदावर आपली मुले 'अनुभव' या रकान्यात 'नाही' असे लिहितात. तीन वर्षे दुकानाची बिले लिहिलेली असतात, जीएसटीची नोंद केलेली असते, आणि लिहितात 'नाही'! गणेश मंडळाचेही तसेच. वर्गणीच्या पावत्या फाडणे, मांडववाल्याशी घासाघीस करणे, पोलिसांची परवानगी आणणे, विसर्जनाच्या दिवशी शंभर पोरांना सांभाळणे आणि शेवटी फळ्यावर पैशापैशाचा हिशेब लावणे हे ज्याने केले आहे त्याने व्यवस्थापनाचा मोठा धडा गिरवलेला असतो. 'मंडळाचा खजिनदार, दोन वर्षे, जमाखर्च लेखी ठेवला' असे एक ओळीत लिहिता येते. फक्त तो खरोखर लेखी ठेवलेला हवा. आणि मंडळाच्या नावाखाली रात्री बारापर्यंत चौकात बसणे हा उपक्रम नव्हे, हेही इथेच सांगतो.

एक फसवणूक अलीकडे वाढली आहे. पैसे भरा, दहा प्रश्नांची उत्तरे द्या आणि 'राष्ट्रीय स्तरावरील प्रमाणपत्र' मिळवा, अशा जाहिराती मोबाईलवर येतात. एका मुलाने मला अशी अकरा प्रमाणपत्रे प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये लावून दाखवली. मी एकच विचारले, "यातल्या एखाद्या ठिकाणी तुला नावाने ओळखणारा कुणी आहे का?" तो गप्प झाला. एकच उपक्रम घ्या आणि तीन वर्षे धरून ठेवा. पहिल्या वर्षी सांगितलेले काम करा, दुसऱ्या वर्षी एखादे काम स्वतःकडे मागून घ्या, तिसऱ्या वर्षी नव्या मुलांना शिकवा. मुलाखत घेणारा 'तुम्ही काय केले?' असे विचारतो तेव्हा बोलायला काही लागते, आणि ते तिसऱ्या वर्षाच्या कामातून येते.

पालकांना, विशेषतः मुलींच्या पालकांना, दोन शब्द. "सातच्या आत घरी" हा नियम काळजीपोटी आहे, हे मुलींनाही कळते. पण सराव साडेसहाला संपतो आणि परत येताना दोन रिक्षा बदलाव्या लागतात म्हणून तिने संघ सोडायचा का? एकदा स्वतः कॉलेजात जा. क्रीडाशिक्षकांना किंवा कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा, त्यांचा नंबर घ्या. आपल्या भागातल्या आणखी दोन मुली त्याच कॉलेजात असतात, त्यांना बरोबर येऊ-जाऊ द्या. आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या आईने हे केले. आई स्वतः चौथी शिकलेली. ती कॉलेजच्या मैदानावर तासभर बसून राहिली, सगळे डोळ्यांनी पाहिले आणि घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली, "जाऊ द्या पोरीला." मुलगी दोन वर्षे एनसीसीत आहे. 'बी'ची परीक्षा देऊन झाली आहे.

आणि तो नाटकातला मुलगा? त्याला एकांकिकेत भूमिका अशी फारशी नव्हतीच, पण दिव्यांचे काम त्याला आवडले. कुठला दिवा कुठे लावायचा, किती भार पडला की तार तापते, हे तो शिकला. महोत्सवात दिवे भाड्याने देणाऱ्या माणसाशी त्याची ओळख झाली. लग्नसराईत तो आता त्याच्याकडे कामाला जातो आणि मार्केटची नोकरी त्याने सोडली आहे. बी.कॉम.चा एक विषय राहिला होता, तो या वर्षी सुटला. वायरमनचा कोर्स करावा की सीएकडे जावे, हे विचारायला तो मागच्या महिन्यात शाळेत आला होता. मी त्याला म्हटले, दोन्हीकडे काम करणाऱ्या माणसांना आधी भेट, मग ये. वडील त्याच्या प्रयोगाला गेले नव्हते, त्यांची पाळी होती. मात्र घराशेजारच्या लग्नात मुलाने लावलेले दिवे त्यांनी पाहिले, असे तो म्हणाला.

स्वाध्याय

१. येत्या सोमवारपासून रविवारपर्यंतच्या १६८ तासांचा हिशेब वहीत लिहा. मोबाईलचे तास वेगळे लिहा आणि खरे लिहा.

२. गल्लीतली, नात्यातली आणि शाळेतली माणसे सोडून, तुम्हाला नावाने ओळखणारी पाच माणसे आठवा. ती काय काम करतात ते लिहा. पाच होत नसतील तर जितकी होतात तितकीच लिहा.

३. तुमच्या कॉलेजात एनसीसी, एनएसएस आणि सप्तधारेचे काम कोण पाहतात, ते कुठे बसतात आणि नाव देण्याची शेवटची तारीख कोणती, हे शोधून काढा. उत्तर एका कागदावर लिहून शाळेत आणून द्या. बारावीच्या वर्गाबाहेरच्या फलकावर आपण ते लावू.

४. (पालकांसाठी) मुलाच्या किंवा मुलीच्या कॉलेजात एकदा जाऊन या. परत आल्यावर तिथे काय पाहिले ते घरी सांगा.